मिठाचा बर्फ

बाबा, तू मेलास त्याला पुष्कळ वर्षं झाली आणि तू सुखानं मेलास हे मला अजून पचलेलं नाही. आपल्या घिवलीत म्हातारी माणसं आजही तुझ्या मरणाचा दाखला देतात. जेवला, सुपारी तोंडात टाकली, ओटीवर भिंतीला टेकला आणि गेला. असं मरण भाग्यवंताला येतं म्हणतात. मी बाजूला उभा राहून मान हलवतो आणि मनात म्हणतो, येणारच, त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. सांगू शकणारा एकच माणूस होता आणि तो तुझ्या शेजारी बसून सुपारी कातरत होता. आता माझीही पंचाहत्तरी उलटली. ओटीवर तुझ्याच जागी बसतो, समोर सुरूची झाडं सळसळतात, शाळेतल्या कविता ओठांवर येतात आणि मधलंच एखादं कडवं निसटतं. सगळंच निसटून जायच्या आत तुला सांगून टाकतो. तुझ्या मुलीला तू मारलंस. मुंबईवाल्यांनी नाही, देवानं नाही, नुसत्या आजारानंही नाही. तू मारलंस, तुझ्या हातानं, तुझ्या बर्फानं.

आपल्याकडं बापाला 'तू' म्हणतात. मी शाळेत जाऊन 'तुम्ही' शिकून आलो आणि एकदा जेवताना तुला म्हटलं, "बाबा, तुम्ही भात घ्या." तू घास हातात धरून इकडंतिकडं पाहिलंस. "कोण मामलेदार आलाय काय र घरात?" आई हसली, बहीण तर हसता हसता ठसकली. ते स्वयंपाकघर मला फार आठवतं. चुलीवर बोंबलाचं कालवण रटरटतंय, मागच्या दारातून वाळत घातलेल्या सुकटीचा वास येतोय आणि मी पाटावर बसून माझ्या पुस्तकातली कविता मोठ्यानं म्हणतोय. बहीण माझ्याहून दहा वर्षांनी लहान. भाकरी थापता थापता ओळ उचलते आणि थापटीच्या तालावर म्हणते, म्हणून तिच्या तोंडी सगळ्या कविता एकाच चालीच्या. चौथीनंतर तू तिला शाळेतून काढलंस, डोक्यावर माशांची पाटी दिलीस. पण कविता तिनं सोडल्या नाहीत. पुढं बोईसरच्या बाजारात मासे विकताना ती पाखरांच्या कविता म्हणत बसायची. कारखान्यातले परप्रांतीय कामगार समोर उभे. "ओ दीदी, गाना बाद में, पहले भाव बोलो." ती म्हणायची, "गाना सुनो तो मच्छी ताजा लगता है भैया." आणि मासे खपायचे. लग्न होऊन दोन वर्षांत ती माहेरी परत आली ती कायमचीच. त्याचं तिनं दुःख केलं नाही. निदान मला दाखवलं नाही.

तुझी ख्याती बर्फाची. किनाऱ्यावर तुझ्यासारखी पेटी कुणाला भरता येत नसे. तळाला तूस, मग फोडलेला बर्फ, मग सरंगे, म्हणजे पापलेटं, पोटाखाली पोट लावून, पुन्हा बर्फ. आणि माल लांब जायचा असेल तर वरून मूठभर खडे मीठ. "मीठ पडलं का बर्फ चावतो," तू म्हणायचास. जत्रेतला आईस्क्रीमवाला डब्याभोवती मीठ टाकतो ते याचसाठी, हे मला विज्ञानाच्या पुस्तकात फार नंतर भेटलं. तुझ्या हाताला ते आधीच ठाऊक होतं. साऱ्या गावानं तुला विचारावं आणि तू कुणालाच विचारू नये, असा तुझा रुबाब.

आणि तो दिवस. मी एकवीस वर्षांचा, मॅट्रिक होऊन नोकरीची वाट बघत घरी बसलेला. टेम्पो येईपर्यंत किनाऱ्यावरच्या पेटीकडं बघ, एवढंच तू सांगितलं होतंस. मी शाळेचं जुनं पुस्तक घेऊन नावेच्या सावलीत बसलो. पेटीचं झाकण कुणीतरी उघडं टाकलं होतं की मीच टाकलं होतं, देव जाणे. ऊन फिरलं, बर्फाचं पाणी झालं, सरंग्यांचे डोळे पांढरे पडले. तू आलास. मारलं नाहीस. मारलं असतंस तर मी विसरलो असतो. तू सगळ्या बायकांना हाक मारलीस, माझ्या हातात पुस्तक दिलंस आणि म्हणालास, "म्हन. म्हन तुजी कविता या सरंग्यांना. उठतील." बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी पुस्तक मिटून धरलं. "म्हन की र! इतकी वर्सं शिकलास ती कशाला?" आणि बाबा, मी म्हटली. चार ओळी म्हटल्या, नासलेल्या माशांसमोर. बहीण हसली नाही असं लिहायला मला आवडलं असतं. तीही हसली. अकरा वर्षांची होती. त्या दिवसापासून मी एकाच गोष्टीची वाट बघत आलो: कधीतरी तुझा बर्फ चुकावा, चार माणसांत चुकावा.

मला बोईसरच्या कारखान्यात कारकुनाची जागा लागली तेव्हा तू जुन्या शिडाच्या कापडाची पिशवी शिवून दिलीस. दाभणानं, दुहेरी टाक्यात. "पुस्तकं भिजतात तुजी," एवढंच म्हणालास. ती पिशवी अजून माझ्याकडं आहे. कापड विरलं, टाका एक उसवला नाही. म्हणून तर राग जास्त येतो. तू नुसता दुष्ट असतास तर मी कधीच मोकळा झालो असतो.

ती आजारी पडली ती नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. शिंगाळा माशाचा काटा बोटात शिरला, हे तर कोळणीचं रोजचं. पण रक्त दिवसभर थांबेना. हळद भरली, तंबाखू भरली, तरी फडकं भिजतंच. मग दंडावर, मांड्यांवर निळे डाग उठले. दात घासले की चूळ लाल. मी तिला बोईसरच्या नर्सिंग होममध्ये नेलं, तूही सोबत आलास. तिथं मुंबईहून आठवड्यातून एकदा रक्ताच्या आजारांचे डॉक्टर यायचे. त्यांनी काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि फार वेळ मान वर केली नाही. रक्ताचा कर्करोग. पण त्याच्या जाती पुष्कळ असतात, म्हणाले, आणि मला शंका आहे ती जात खरी निघाली तर तुमची बहीण नशिबाची. एरवीची औषधं विषासारखी. या एका जातीवर मात्र साधी गोळी चालते, अ जीवनसत्त्वाच्या कुळातली. ती खाटेवरून म्हणाली, "म्हंजे माशाच्या तेलातलं असतं तेच ना? शालेत पाजायचे. मंग घरचंच औशद की!" डॉक्टर हसले. आजाऱ्याच्या विनोदाला खरोखर हसणारे डॉक्टर मी तेवढेच पाहिले.

शंका खरी की खोटी हे कसं कळणार, ते त्यांनी मला व्हरांड्यात नेऊन समजावलं. पेशीत गुणसूत्रं असतात, पुस्तकाच्या भागांसारखी. या आजारात दोन भाग तुटतात आणि तुटलेले तुकडे चुकून एकमेकांना जोडले जातात. मला तेव्हा आमचं पाचवीचं एक पुस्तक आठवलं. बांधणाऱ्यानं पानं उलटसुलट शिवली होती, अर्ध्या कवितेपुढं एकदम भूगोलाचा धडा; आणि आम्ही मुलांनी ते तसंच पाठ केलं होतं. मी हे सांगितलं तर डॉक्टर म्हणाले, "अगदी तसंच. पेशीही ते चुकीचं शिवलेलं वाक्य इमानानं वाचते आणि बिघडते." मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत नेमकं ते जोडवाक्य शोधतात. पेशीनं त्याची उतरवून घेतलेली नक्कल असते, ती यंत्रात पुन्हा पुन्हा उतरवतात, दिसण्याइतकी होईपर्यंत. फक्त ती नक्कल फार नाजूक, पेन्सिलीच्या अक्षरासारखी, पटकन पुसणारी. मग बहिणीच्या कंबरेच्या हाडातला मगज काढून जांभळ्या बुचाच्या नळीत भरून दिला आणि एका कागदावर मराठीत लिहून दिलं: नळी गार ठेवावी. बर्फ नळीला लागू देऊ नये. गोठू देऊ नये, गोठल्यास तपासणी होणार नाही. वर तोंडी म्हणाले, आज संध्याकाळी पोचलं तर उद्या दुपारी उत्तर, उद्या संध्याकाळी गोळी सुरू. गोळ्या बाहेरून येतात, मोजक्याच आहेत, अहवाल बघितल्याशिवाय सोडत नाहीत. मुंबईच्या इस्पितळात खाट परवा मिळणार होती. डॉक्टरांना पुढं डहाणूला जायचं होतं, ते गेले.

बर्फ म्हटल्यावर तू उठलास. बाजारातून थर्माकोलची पेटी, बर्फ आणि मिठाची पुडी घेऊन आलास, आणि नर्सिंग होमच्या व्हरांड्यात मांडी घालून बसलास. लोक जमले. कंपाउंडर म्हणाला, "काय बाबा, पापलेट पाठवताय काय मुंबईला?" तू मान वर न करता म्हणालास, "पापलेटापरीस मोठं हाय. माजी बाय हाय यात." बर्फ बारीक फोडलास, नळी मधोमध उभी रोवलीस, भोवती बर्फ दाबलास, जसा सरंग्याच्या पोटाशी दाबायचास. मी खिशातून कागद काढला. तू बघितलंही नाहीस. "गप र," म्हणालास, "मासा काय न् रगत काय, नासतं सगलं सारकंच. बर्फाचं मला नको शिकवू." आणि वरून मीठ टाकलंस, एक मूठ, मग अर्धी अजून. झाकण लावलंस, सुतळीनं बांधलंस. काम बघून कंपाउंडर म्हणाला, "वा!"

मी शटल गाडी पकडली, विरारला गाडी बदलली. दुपारची वेळ, खिडकीजवळ जागा मिळाली. पेटी मांडीवर. थर्माकोलातूनसुद्धा मांड्या बधिर झाल्या होत्या. प्रयोगशाळेत पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. एका तरुण मुलीनं झाकण काढलं, हातमोजा घालून नळी ओढली, ती निघेना. बर्फ एकमेकांत जुळून दगड झाला होता. शेवटी निघाली. तिनं उजेडाकडं धरली. काळसर लाल, कडक, आत काहीच हलत नव्हतं. कोकमाचं सरबत गोठवून काडी काढून घेतल्यासारखं. ती मुलगी रागावली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "काका, हे गोठलंय. पेशी फुटल्या सगळ्या. यातून आता काही वाचता येणार नाही. उद्या दुसरं आणाल?"

दुसऱ्या दिवशी डहाणूहून परतताना डॉक्टर थांबले. "कागद दिला होता ना मी?" मी म्हटलं, "म्हाताऱ्यानं ऐकलं नाही." त्यांनी हातमोजे चढवले. तिच्या हाडातून पुन्हा मगज काढला. ती ओरडली नाही, माझं मनगट धरून म्हणाली, "दादा, काल सांडलं का काय तुज्याकडून? कविता म्हनत बसला असशील." मी म्हटलं, "कमी पडलं त्यांना." तुलाही तेच सांगितलं. या वेळी नळी मीच नेली, वर्तमानपत्रात गुंडाळून, बर्फापासून चार बोटं दूर, आणि ती व्यवस्थित पोचली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचं डोकं दुखू लागलं. साडेआठला ती मला 'आई' म्हणून हाक मारू लागली. नवाच्या सुमारास ती गेली. डोक्यात रक्त फुटलं होतं. दुपारी नर्सिंग होममध्ये फोन वाजला. कंपाउंडरनं ऐकून घेतलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "त्यांना जोड सापडला. डॉक्टर म्हणाले होते तोच. गोळीचाच." एक दिवस, बाबा. तू एक दिवस गोठवलास. डॉक्टर मला पुढं म्हणाले की आदल्या संध्याकाळी गोळी सुरू झाली असती तरी ती वाचली असती असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. मी त्यांना दारापर्यंत पोचवलं आणि त्यांचं म्हणणं तिथंच सोडून आलो.

आणि तू काय केलंस? तू रडलास, ते मी पाहिलं. मग तेराव्याला आलेल्या माणसांना सांगू लागलास, "मंबईवाल्यांनी रगत खराब केलं. एकदा नेलं ते वाया घालवलं. मी तर नीट भरून दिलं होतं." हे तू पुढं पाच वर्षं सांगितलंस. संध्याकाळी ओटीवर बसलो की मला विचारायचास, "तवा बर्फ घट होता ना र?" मी म्हणायचो, "घट्ट होता." तुला त्यानं बरं वाटायचं. मलाही वाटायचं, वेगळ्या कारणानं. प्रत्येक वेळी मी तुला आतून कापत होतो आणि तुला कळतसुद्धा नव्हतं. गावाला वाटलं, पोरगा बापाला जपतो. मी काही जपत नव्हतो. मी राखून ठेवत होतो. एखाद्या दिवशी, सगळ्यांसमोर, तुला उभं करून सांगायला. आणि तू सुपारी तोंडात टाकलीस आणि निसटलास.

वर लिहिलेलं सगळं मी आत्ता चष्मा पुसून पुन्हा वाचलं. त्यात एक वाक्य खोटं आहे. वर्षानुवर्षं मी ते स्वतःला इतक्यांदा सांगितलं की लिहिताना हातही अडला नाही. त्या व्हरांड्यात तू मला 'गप' म्हणाला नाहीस. तू मिठाची मूठ भरलीस आणि थांबलास. मी जन्मात तुला थांबलेला पाहिला नव्हता. माझ्याकडं वर बघून विचारलंस, "कागदात काय लिवलंय र? मीठ चालंल ना याला?" कागद माझ्या हातात होता, उलगडलेला. मी दोनदा वाचला होता. आजूबाजूला माणसं होती, कंपाउंडर होता. मी म्हटलं, "बर्फातलं तुला कळतं. मी काय सांगू? कविता म्हणू?" तू मान खाली घातलीस आणि मूठ सोडलीस. मला वाटलं, नळीच तर आहे. खराब झाली तर उद्या दुसरी काढतील. म्हणून गाडीत चार तास ती पेटी मांडीवर असूनही मी झाकण उघडलं नाही.

तुला माफ केलं असं यातून समजू नकोस. मिठाची मूठ तुझीच होती. पण हे पत्र मी धाडणार नाही, जाळणार नाही, तुझ्या तसबिरीपुढं मोठ्यानं वाचणारही नाही. तुला अक्षर येत नव्हतं. घरी आलेला कागद, मग तो लग्नाचा असो की कचेरीचा, तुला नेहमी तिनंच वाचून दाखवला, चौथीच्या जोरावर, बोट ठेवून, एक ओळ न गाळता. तू जिथं असशील तिथं तीही असणार. पत्र पोचलं तर पहिली पानं ती तुला वाचून दाखवील, कदाचित हसेलही. या पानापर्यंत तिला येऊ द्यायचं नाही.